नाडी धरा, पण हात सोडू नका



आपल्या वस्त्यांत आरोग्य शिबिरांना आता तोटा राहिलेला नाही. जयंती असो, वर्षावासाचा समारोप असो, मंडप पडला की एका कोपऱ्यात टेबल लागते. पांढऱ्या कोटातील मुले-मुली रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसतात, बोटाला सुई टोचून साखर बघतात आणि चिठ्ठीवर दोन आकडे लिहून देतात. ती चिठ्ठी खिशात जाते आणि पुढे खिशासकट धुण्यात जाते. अशी शिबिरे भरवण्यात आमचीही बरीच वर्षे गेली आहेत, तेव्हा त्यांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या टेबलावर एक तपासणी बहुधा राहून जाते. तिला ना सुई लागते, ना पट्टी. ती म्हणजे मनगट हातात घेऊन नाडी बघणे.

निरोगी माणसाची नाडी बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० पडते, आणि भीमगीतांच्या कार्यक्रमातील ढोलकीसारखी एका ठेक्यात पडते. मधेच एखादा ठोका चुकला तरी ठेका कळत असतो, आणि असा एखादा चुकलेला ठोका बहुतेक वेळा घाबरण्यासारखा नसतो. परंतु काही माणसांच्या नाडीत ठेकाच नसतो. दोन ठोके जवळ, मग लांब, मग तीन भराभर, मग काहीच नाही. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा. त्यातले काही इशारेच खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात, तेही वाटेल तसे. डॉक्टर याला 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात, बोलताना नुसते 'ए. एफ.'.

आता कोणी म्हणेल, ठेका चुकला तर चुकू द्या, माणूस चालतोय-बोलतोय ना? खरी मेख इथेच आहे. वरचा कप्पा नुसता थरथरतो म्हणजे त्यातले रक्त नीट पुढे ढकलले जात नाही. साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूकडे गेली की एका अंगावरून वारे जाते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासातून १९९१ साली असे दाखवले गेले की, ए. एफ. असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. आणि हा पक्षाघात बहुधा जबर असतो. आपल्या घरात कमावते माणूस आडवे पडले म्हणजे काय होते ते सांगायला नको. एक जण अंथरुणावर, दुसरा त्याच्या उशाशी, आणि मुलीची शाळा बंद.

कित्येकांना हा दोष असूनही काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवते त्यांना धडधडते, धाप लागते, थकवा येतो, चक्कर येते. आपल्याकडे धडधडले की 'गॅस झाला', चक्कर आली की 'बीपी लो झाला' आणि धाप लागली की 'वय झालं' अशी तीन ठरलेली उत्तरे आहेत. ओवा खाऊन, लिंबू सरबत पिऊन माणूस कामाला लागतो.

नाडी बघायला विशेष काही लागत नाही. माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, पहिली तीन बोटे हलकेच ठेवावीत. आपला अंगठा लावू नये, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. अर्धा मिनिट मोजावे आणि मोजताना आकड्यापेक्षा ठेक्याकडे लक्ष द्यावे. शंका आली तर पूर्ण मिनिटभर बघावे. घरातली आठवी-नववीतली मुलगीसुद्धा आजीची नाडी अशी बघू शकेल. इंग्लंडमधील पन्नास दवाखान्यांत ६५ वर्षांवरील सुमारे १५ हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना पत्रे पाठवून ईसीजीला बोलावले, तर काही जण दुसऱ्या कामासाठी आले तेव्हा त्यांची नुसती नाडी बघितली आणि बिघडलेली वाटली तरच ईसीजी काढला. नवे रुग्ण दोन्हीकडे सारखेच सापडले, वर्षाला शंभरात १.६ च्या आसपास. काहीच विशेष न करणाऱ्या दवाखान्यांत हेच प्रमाण १ होते.

मग हे काम फार्मसीच्या मुलांनी का करावे? कारण साधे आहे. आपल्या माणसाचा पहिला डॉक्टर कोपऱ्यावरचा 'मेडिकल'वाला असतो. रोज बुडवून ओपीडीच्या रांगेत उभे राहण्याआधी तो काउंटरवर विचारतो, "दादा, धडधडतंय, काही द्या ना." ऑस्ट्रेलियात सिडनी शहरातील १० औषध दुकानांत ६५ वर्षांवरील १,००० गिऱ्हाइकांची नाडी बघून मोबाईलला जोडलेल्या यंत्राने ईसीजी काढले, तेव्हा १५ जणांत नवा ए. एफ. सापडला. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारच्या गुजरातेत, आणंद जिल्ह्यातील खेड्यांत, गावच्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी असेच यंत्र घेऊन चाळिशीपुढच्या सुमारे दोन हजार लोकांची तपासणी केली. तिथेही प्रमाण शंभरात दीडच्या आसपास आले. त्यांनी एकेका माणसाला काही दिवसांत पुन्हा पुन्हा तपासले, कारण हा दोष येतो आणि जातो. आज नाडी ठीक म्हणजे उद्या ठीकच असेल असे नाही.

आणि आपली किती तरी मुले आता फार्मसीला जात आहेत. डी. फार्म.च्या २०२० पासूनच्या अभ्यासक्रमात रक्तदाब आणि साखर तपासणीसारख्या आरोग्य तपासण्या शिकवायच्या आहेतच. वस्तीतल्या मुलीने वस्तीतल्याच म्हाताऱ्यांची नाडी धरायची, यात तिचे शिक्षणही होते आणि म्हाताऱ्यांनाही परक्या ठिकाणी गेल्यासारखे वाटत नाही. मात्र विद्यार्थ्याने विद्यार्थ्यासारखे वागावे. रोगाचे नाव सांगू नये, गोळी लिहून देऊ नये. सोबत शिक्षक हवेत आणि ईसीजी वाचायला नोंदणीकृत डॉक्टर हवा. दोन पट्ट्यांवर बोटे ठेवली की ३० सेकंदांत मोबाईलवर रेघ उमटवणारी यंत्रे आता मिळतात, पण हात हलला तरी त्यांचा गोंधळ होतो. यंत्राने 'शक्यता आहे' म्हटले तरी निर्णय डॉक्टरनेच रेघ बघून द्यायचा असतो. आणखी एक सूचना. कोणाच्या नाडीत काय निघाले ते माईकवरून पुकारू नये. हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते. पंचविशीतल्या मुलीचे नाव 'हृदयात दोष' म्हणून मंडपभर झाले तर पुढच्या वेळी त्या गल्लीतली एकही मुलगी टेबलाजवळ येणार नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यातून कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तेव्हा एक हिशेब मांडू. शिबिराला ६५ वर्षांवरील २०० माणसे आली, त्यांत शंभरी दीड या प्रमाणाने ३ जणांना ए. एफ. आहे असे धरू. नाडीच्या तपासणीबद्दलचे अनेक अभ्यास एकत्र करून २००६ साली जे आकडे काढले गेले त्यांनुसार, ए. एफ. असणाऱ्या १०० पैकी ९४ जण नाडीवरून पकडले जातात. म्हणजे आपले तिघेही बहुधा सापडतील. परंतु ज्यांना ए. एफ. नाही अशा १०० पैकी २८ जणांची नाडीसुद्धा 'बिघडलेली' वाटते. उरलेल्या १९७ चे २८ टक्के काढा, ५५ येतात. थोडक्यात, तिघांसाठी ५८ जणांना आपण सांगणार की तुमच्या नाडीत काही तरी आहे. यातल्या ५५ जणांच्या जिवाला विनाकारण घोर. प्रत्येकाचा एक रोज गेला, रिक्षाभाडे गेले, आणि घरी जाऊन झोप गेली ती वेगळीच. म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्या शिबिरात ईसीजीची सोय त्याच दिवशी नाही, त्या शिबिराने नाडीचे टेबल लावूच नये. नाडी ही चाळणी आहे. चाळून झाल्यावर निवडणारा हात जवळच हवा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्या जगाची नाडी तपासल्याने पक्षाघात कमी होतात का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना तपासणीला बोलावून काही वर्षे लक्ष ठेवले. २०२१ साली निकाल आला, फायदा दिसला पण अगदी थोडा. त्याच वर्षी डेन्मार्कमधील अभ्यासात त्वचेखाली यंत्र बसवून तिप्पट रुग्ण शोधले गेले, तरी पक्षाघात म्हणण्यासारखे घटले नाहीत. अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने २०२२ साली पुरावा अपुरा आहे असे म्हटले, तर युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली, ६५ वर्षांवरील माणूस कोणत्याही कारणाने दवाखान्यात आला तर त्याची नाडी जरूर बघा, असे सांगितले. तेव्हा विशीतल्या पोरांच्या रांगा लावून काही साधणार नाही. म्हातारी माणसे, रक्तदाब आणि मधुमेहाची माणसे, धाप लागणारी, धडधडणारी, आधी एकदा अंगावरून वारे गेलेली, यांची नाडी आधी बघावी.

आणि एक गट असा आहे की ज्याचा उल्लेख परदेशी अभ्यासात क्वचितच येतो, पण आपल्या वस्त्यांत तो घरोघरी भेटू शकतो. लहानपणी घसा सुजून ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, एक सांधा उतरतो तर दुसरा धरतो. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. साधारण पाच ते पंधरा या वयात तो येतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे झोपतात तिथे जास्त येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप कायमची आखडते. वीस-तीस वर्षांनी त्या अरुंद झडपेमागे वरचा कप्पा फुगतो आणि थरथरू लागतो. अशा रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २४ देशांत झाला, त्यात भारतही होता. साडेचार हजारांवर रुग्ण, त्यांचे सरासरी वय सुमारे ५० आणि शंभरात ७२ स्त्रिया. २०२२ सालचा हा आकडा वाचला तेव्हा आम्ही बराच वेळ त्यावरच थांबलो. ६५ वर्षांची अट लावून बसलो तर या आपल्याच माता-भगिनी टेबलावरून परत जातील.

आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात भरलेल्या शिबिरात नेमके असेच झाले असते. एक आयुष्मती, वय ५२, कंत्राटदाराकडे इमारतींचे जिने झाडण्याचे काम. तपासणीसाठी आल्याच नव्हत्या, सासूबाईंना घेऊन आल्या होत्या. सासूबाईंची नाडी घड्याळासारखी चालत होती. टेबलावरची मुलगी सहज म्हणाली, "मावशी, आता तुमचाही हात द्या." हात धरला आणि ती गप्प झाली. तिने सरांना बोलावले, पूर्ण मिनिटभर पुन्हा बघितले, आणि मग तिला शिकवले होते तसेच बोलली, "मावशी, तुमच्या नाडीचा ठेका जरा वेगळा लागतोय. काय आहे ते डॉक्टर सांगतील. आत्ताच ईसीजी काढू." आमच्या मनात त्या मुलीबद्दल आदर आहे तो त्या मिनिटभरासाठी.

डॉक्टरांनी लहानपणीचे विचारले तेव्हा बाईंना आठवले, पाचवीत असताना गुडघे सुजून शाळा सुटली होती. घरच्यांनी वात म्हणून लेप लावले. धाप लागते का? "लागते की, पण चार मजले झाडायचे म्हटल्यावर कोणालाही लागेल." इको काढायला मोठ्या इस्पितळात जा म्हटल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. "रोज बुडाला तर मुकादम दुसरी बाई लावतो हो दादा. मला काय झालंय? चालतेय ना मी."

या एका वाक्यावर बहुतेक शिबिरे संपतात. रुग्ण सापडला, फोटो निघाला, अहवालात एक आकडा वाढला. महिला मंडळाच्या दोघींनी मात्र त्यांना सोडले नाही. एकीने मुकादमाला गाठून दोन दिवसांची बदली स्वतः लावून दिली, दुसरी सकाळी सहाला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. इको झाला, झडप अरुंद निघाली. आज त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, आणि झडप फुग्याने रुंद करायची की कसे हे डॉक्टर ठरवत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेचे उपचार आहेत, म्हणून शिधापत्रिका आणि आधारकार्डावरील नावे एकसारखी आहेत का हे आधीच बघून ठेवावे. त्या एका अक्षराच्या फरकापायी कामे कशी अडतात ते टेबलामागे बसणाऱ्या आमच्यासारख्याला चांगले ठाऊक आहे.

गोळीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. झडप अरुंद असलेल्या ए. एफ.मध्ये वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमरॉल ही जुनीच गोळी द्यावी लागते. वर सांगितलेल्या २४ देशांच्या अभ्यासात नवी गोळी रिव्हारॉक्सबॅन आणि ही जुनी गोळी यांची तुलना झाली, तेव्हा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. झडप ठीक असेल तर नव्या गोळ्या चालतात, आणि पेटंट संपून जेनेरिक आल्यापासून त्या पूर्वीइतक्या महाग राहिलेल्या नाहीत. कोणाला गोळी हवी, कोणाला नको, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात बघून डॉक्टर ठरवतात. जुन्या गोळीला ठराविक काळाने आयएनआर नावाची रक्ततपासणी लागते. आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीचा धोका, वर गेला तर रक्तस्रावाचा. पालेभाजी बंद करायची नसते, पण आठवडाभर नाही आणि एक दिवस परातभर असे करू नये.

'ॲस्पिरिन घेतोच की' असे पुष्कळ जण म्हणतात. ए. एफ.साठी ॲस्पिरिन त्या गोळीची जागा घेत नाही. इंग्लंडमध्ये ७५ वर्षांवरील ९७३ रुग्णांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जबर पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव आणि गुठळीचे गंभीर प्रकार मिळून वर्षाला वॉरफेरिनवर १.८ टक्के, तर ॲस्पिरिनवर ३.८ टक्के झाले. आणि इथे पुन्हा फार्मसीच्या मुलांचा संबंध येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेली बाई गुडघे दुखतात म्हणून काउंटरवर डायक्लोफेनॅक मागते, आणि न विचारता ती दिली जाते. पोटात रक्तस्राव व्हायला एवढे पुरते. आज जो विद्यार्थी विहारात तिची नाडी धरतो, तो उद्या त्या काउंटरमागे उभा असणार. "मावशी, रक्ताची गोळी चालू आहे का?" एवढा प्रश्न त्याच्या तोंडी बसला तरी शिबिराचा खर्च वसूल झाला असे आम्ही समजू.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर मीठ-साखर चाटवत बसू नये, १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या इस्पितळात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. शेवटचे ठीक केव्हा होते ती वेळ लिहून ठेवावी.

६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला येणाऱ्या लाखोंत वृद्ध किती असतात! तिथे वैद्यकीय मदतीची टेबले असतात, पण तिथे ज्याची नाडी बिघडलेली सापडेल तो रात्रीच्या गाडीने परभणीला किंवा बुलढाण्याला परत जाणार. त्याच्यामागे कोण जाणार? त्यापेक्षा आपापल्या वस्तीतले, पन्नास-शंभर घरांचे शिबिर आम्हाला अधिक कामाचे वाटते.

ज्या मंडळांना असे शिबिर घ्यायचे आहे त्यांनी जवळच्या फार्मसी महाविद्यालयाशी परीक्षेचा हंगाम टाळून बोलावे. रविवारी सकाळची वेळ ठेवावी, दुसऱ्या पाळीचे लोकही येतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत करण्याचा निर्णय झाला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना आधी भेटून ईसीजीचे आणि पुढच्या तपासणीचे ठरवून घ्यावे. एक जाड वही करावी. रकाने असे पाडावेत: नाव, वय, लहानपणी सांधे सुजले होते का, ईसीजी कधी, डॉक्टर कोण, गोळी सुरू झाली का, पुढील आयएनआरची तारीख, आणि सोबत जाणार कोण. शेवटचा रकाना रिकामा ठेवून कोणालाही घरी पाठवू नये. आणि हँडबिलावर एक नव्हे, दोन तारखा छापाव्यात. पहिली तपासणीची, आणि दुसरी त्यानंतर चार आठवड्यांनी, त्याच सभागृहात, त्याच वहीसह. दुसऱ्या तारखेला चहापाण्याचा खर्च फार येत नाही. वहीतली तेवढीच माणसे येतात.